वरिष्ठांस सत्य कसें सांगावें?

मनुष्य कितीही मोठ्या पदास चढला तरी त्याच्यावर कोणी ना कोणी असतोच. शाळेंतील शिक्षकावर मुख्याध्यापक असतो आणि मुख्याध्यापकावर संस्थेचे चालक. उपदेशकावर पाळक असतो आणि पाळकावर मंडळ्यांची सभा. ऊसतोडीच्या टोळींतील मजुरावर मुकादम असतो, दवाखान्यांतील परिचारिकेवर डॉक्टर असतो. ह्या सर्वांस एक प्रश्न आज ना उद्यां पडतोच. आपल्यावरील मनुष्य चुकत आहे असें आपणांस दिसतें. त्याच्या चुकीनें काम बिघडत आहे, कदाचित् कोणा गरिबाचें नुकसानही होत आहे. अशा वेळीं ख्रिस्ती मनुष्यानें काय करावें? गप्प बसावें, कीं बोलावें? आणि बोलावयाचें तर कसें? प्रश्न लहान दिसतो, परंतु त्यांत सत्य, नम्रता व प्रीति ह्या तिहींची एकदम परीक्षा होते.

आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत ह्या प्रश्नाचें जें उत्तर आचरणांत बहुधा दिसतें तें असें: समोर "होय साहेब" आणि बाहेर पारावर निंदा. सभेंत "राजा बोले दळ हाले" ह्याप्रमाणें सर्वांच्या माना हालतात. मग सभा उठून लोक विहिरीपाशीं किंवा एस. टी.च्या थांब्यावर आले म्हणजे खरी सभा भरते. तेथें वरिष्ठाच्या एकेका दोषाचा पाढा वाचला जातो. ज्याला तो दोष दूर करतां आला असता, त्या एकाच्या कानीं मात्र तो जात नाहीं. ही रीति जितकी सोयीची तितकीच नाशकारक आहे. तिच्यामुळें वरिष्ठ सुधारत नाहीं, काम सुधारत नाहीं, आणि बोलणाराच्या अंतःकरणांत दोन जिभा वाढतात.

गप्प बसणारे लोक आपल्या गप्प बसण्यास पुष्कळदां नम्रता असें नांव देतात. तें नांव त्यास शोभतें कीं नाहीं, हें प्रथम पाहूं. आपण गप्प कां बसतों? विचार केला तर तीन कारणें सांपडतात. पहिलें भय. वरिष्ठाच्या हातीं आपली भाकरी आहे, बदली आहे, मुलाच्या शाळेची शिफारस आहे. हें भय खोटें नव्हे, आणि ज्यांच्या घरीं दुसरी मिळकत नाहीं त्यांस तें बाळगल्याबद्दल कोणी हिणवूं नये. परंतु भयास भय म्हणावें, त्यास नम्रता म्हणूं नये. दुसरें कारण आळस. बोलावयाचें तर विचार करावा लागतो, वेळ पाहावी लागते, शब्द निवडावे लागतात, त्यापेक्षां "आपल्याला काय त्याचें?" हें म्हणणें सोपें. तिसरें कारण सर्वांत वाईट, आणि तें फार खोल दडलेलें असतें. तें म्हणजे द्वेष. साहेब खड्ड्याकडे चालले आहेत हें आपण पाहतों, आणि मनांत म्हणतों, "पडूं द्या, म्हणजे कळेल." अशा मौनांत नम्रतेचा लेशही नाहीं. लेवीय १९ व्या अध्यायांत शेजाऱ्याचा द्वेष करूं नये ही आज्ञा आणि त्याचा दोष त्याला दाखवावा ही आज्ञा एकाच वचनांत जोडून दिल्या आहेत. शेजाऱ्याला त्याचा दोष न सांगणें हें द्वेषाचें रूप असूं शकतें, असाच तेथील भाव आहे. वरिष्ठ झाला म्हणून तो आपला शेजारी नाहींसा होतो काय?

कोणी म्हणेल, "अधिकार देवानें दिलेला आहे, त्याच्यापुढें तोंड उघडणें म्हणजे बंड." ह्या आक्षेपाचें उत्तर नामान सेनापतीच्या चाकरांनीं फार पूर्वीं देऊन ठेविलें आहे (२ राजे, अध्याय ५). अरामाचा हा मोठा सरदार कोडी होता. अलीशा संदेष्ट्यानें त्याला स्वतः भेट न देतां यार्देनेंत सात वेळां स्नान करण्याचा निरोप पाठविला. सेनापतीचा मान दुखावला. तो रागानें परत फिरला. त्या वेळीं त्याचे चाकर गप्प बसले असते तर कोणीही त्यांस दोष दिला नसता. परंतु ते जवळ गेले. त्यांनीं त्याला बाप ह्या शब्दानें हांक मारिली, आणि एकच प्रश्न पुढें ठेविला: संदेष्ट्यानें कांहीं अवघड काम सांगितलें असतें तर आपण तें केलें नसतें काय? मग हें तर सोपें आहे. नामानानें ऐकिलें, आणि तो शुद्ध झाला. त्या चाकरांचीं नांवें शास्त्रांत नाहींत. त्यांनीं आपल्या धन्याचा अधिकार कमी केला काय? नाहीं, ज्या कामासाठीं तो देश सोडून आला होता तें काम त्यांनीं त्याच्याच क्रोधापासून वांचविलें. अधिकार हा मनुष्याच्या अहंकारासाठीं दिलेला नसून कामासाठीं दिलेला असतो. म्हणून जो काम बिघडूं न देण्यासाठीं बोलतो तो अधिकाराची सेवाच करतो.

आतां दुसरा प्रश्न, आणि तो अधिक नाजूक आहे. सत्य गोड करून सांगणें म्हणजे लबाडी नव्हे काय? कित्येक सरळ मनाचीं माणसें म्हणतात, "आम्हांला आडपडदा येत नाहीं, जें पोटांत तें ओठांत." ह्या बाण्याचा त्यांस अभिमानही असतो. परंतु नाथान संदेष्ट्याकडे पाहा (२ शमुवेल, अध्याय १२). दावीदानें उरीयाची बायको घेतली होती आणि उरीयास मारविलें होतें. असा राजा पुन्हां एकदां रक्त सांडण्यास कचरला असता काय? नाथान त्याच्यापुढें गेला आणि त्यानें एका गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगितली. राजाचा क्रोध भडकला, त्यानें स्वतःच न्याय सांगितला, आणि मग नाथानानें तो मनुष्य तूंच आहेस हें उघड बोलून दाखविलें. ह्यांत लबाडी कोठें आहे? दावीदाचा न्यायबुद्धीचा डोळा मिटलेला होता; गोष्टीनें तो उघडला, एवढेंच. गोष्ट सांगून नाथान तसाच घरीं गेला असता तर तो केवळ कथेकरी ठरला असता. शेवटचें वाक्य त्यानें गिळलें नाहीं, म्हणून तो संदेष्टा. पुढें दावीद म्हातारा होऊन अंथरुणास खिळला तेव्हां, वारसाच्या कठीण प्रसंगीं, ह्याच नाथानाचें बोलणें त्यानें ऐकिलें (१ राजे, अध्याय १). जो आपलें पाप तोंडावर सांगतो पण आपला नाश इच्छीत नाहीं, त्याच्यावर मनुष्याचा विश्वास शेवटपर्यंत राहतो.

तेव्हां नियम असा ठरतो: सौम्यता रीतींत असावी, सत्यांत नसावी. कडू औषध गुळांत घालून देतात. परंतु गूळ देऊन औषध खिशांतच ठेविलें तर रोगी मरेल, आणि वैद्य गोड बोलणारा होता असें लोक म्हणतील.

हें केवळ दृष्टांतापुरतें नाहीं. ता. २७ मार्च १९७७ रोजीं टेनेरीफ बेटावरील विमानतळावर दाट धुक्यांत दोन प्रचंड विमानें एकमेकांवर आदळलीं आणि ५८३ माणसें मृत्यु पावलीं. उडूं पाहणाऱ्या विमानाचा मुख्य वैमानिक आपल्या कंपनींतील फार अनुभवी व मानलेला मनुष्य होता. इतर वैमानिकांस तोच शिकवीत असे. परवानगी मिळण्यापूर्वींच तो निघूं लागला तेव्हां उपवैमानिकानें त्याला एकदां थांबविलें. थोड्याच वेळानें तो दुसऱ्यांदा निघाला. ह्या वेळीं उपवैमानिकानें त्याला थांबविलें नाहीं. यंत्रांवर लक्ष ठेवणाऱ्या तिसऱ्या मनुष्याच्या मनांत शंका आली. दुसरें विमान अजून वाटेवरून हटलें नाहीं काय, असें त्यानें विचारिलें. मुख्य वैमानिकानें ठामपणें सांगितलें कीं तें हटलें आहे. विचारणारा पुन्हां बोलला नाहीं. कांहीं क्षणांतच सर्व संपलें. ह्या अपघातास धुकें, संदेशांतील गोंधळ, वेळेची घाई अशीं पुष्कळ कारणें होतीं. सर्व दोष एकावर लादणें योग्य होणार नाहीं. परंतु त्यानंतर वैमानिकांच्या शिक्षणांत एक नवीन धडा आला: कनिष्ठानें शंका स्पष्ट सांगावी, उत्तर पटलें नाहीं तर पुन्हां सांगावी, आणि वरिष्ठानें ती ऐकावी. नाथानाचें शेवटचें वाक्य जगानें असें मोठ्या किंमतीनें पुन्हां शिकून घेतलें. ज्या आदबीमुळें सत्य ऐकूंच येत नाहीं, ती आदब नव्हे.

मग बोलावें कसें? शास्त्रांतील व अनुभवांतील कांहीं गोष्टी येथें क्रमानें मांडतों.

प्रथम आपलें अंतःकरण तपासावें. मी हें कोणासाठीं बोलत आहें? कामासाठीं, वरिष्ठाच्या हितासाठीं, कीं मागच्या वर्षीं मला बढती मिळाली नाहीं म्हणून? ज्या गोष्टीसाठीं आपण प्रार्थना करूं शकत नाहीं ती गोष्ट बोलण्यास आपण अजून तयार नाहीं.

दुसरें, आधीं विचारावें, मग सांगावें. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचा न्याय करीत बसे. त्याचा सासरा इथ्रो ह्यानें तें पाहून प्रथम हें काय चाललें आहे असें विचारिलें, आणि मोशेचें उत्तर ऐकून घेतलें (निर्गम, अध्याय १८). नंतरच, हें बरें नाहीं, तूं व लोक दोघेही थकून जाल, असें त्यानें स्पष्ट सांगितलें. आणि दोष दाखवून तो थांबला नाहीं. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर व दहांवर नायक नेमण्याची योजना त्यानें पुढें केली, व देवाची आज्ञा असेल तर असें कर, असें म्हणून निर्णय मोशेवर सोपविला. विचारणें, ऐकणें, स्पष्ट सांगणें, उपाय सुचविणें, आणि निर्णय ज्याचा त्याच्यावर सोडणें, हा सगळा क्रम त्या एका अध्यायांत आहे.

तिसरें, वेळ व जागा पाहावी. अबीगईल ही शहाणी स्त्री. तिचा नवरा नाबाल ह्यानें दावीदाचा अपमान करून सर्व घरावर मरण ओढवून घेतलें होतें. दावीद तरवार घेऊन निघाला होता, तेथें क्षणाचाही विलंब चालला नसता. म्हणून ती वाटेंतच त्याला भेटली आणि बोलली. परंतु घरीं परत आल्यावर नाबाल मेजवानींत दारू पिऊन धुंद झालेला दिसला, तेव्हां रात्रीं ती त्याला एक अक्षरही बोलली नाहीं. सकाळीं नशा उतरल्यावर सांगितलें (१ शमुवेल, अध्याय २५). एकाच दिवशीं एका ठिकाणीं घाई आणि दुसऱ्या ठिकाणीं धीर! दोष एकांतांत दाखवावा हें तर प्रभूनेंच मत्तयाच्या १८ व्या अध्यायांत शिकविलें आहे. चारचौघांत, पाहुण्यांपुढें, किंवा वरिष्ठ थकलेला, भुकेलेला वा दुःखांत असतां बोललेलें खरें बोलणेंही वायां जातें.

चौथें, कृत्याविषयीं बोलावें, मनुष्याच्या स्वभावाविषयीं नव्हे. एक उदाहरण घेऊं. पाळकांनीं रविवारची उपासना अकरा वाजतां ठेविली आहे, आणि खुरपणीचे दिवस आहेत. उपदेशक जाऊन म्हणाला, "साहेब, आपल्याला खेड्याची कांहींच कल्पना नाहीं," तर पुढचें सर्व बोलणें पाळकांच्या कल्पनेविषयीं होईल, उपासनेविषयीं होणार नाहीं. त्याऐवजीं त्यानें असें म्हणावें: "पाळकसाहेब, अकराची वेळ ठरविण्यांत आपला कांहीं हेतु असेल, तो मला समजला तर बरें होईल. मला इतकेंच दिसतें कीं गेल्या चार रविवारीं मजुरीस जाणाऱ्या बायका उपासनेस आल्या नाहींत. अकराला आल्या तर त्यांचा रोज बुडतो. सुगी होईपर्यंत सकाळीं सातची वेळ ठेवून पाहावी काय? मी घरोघर जाऊन निरोप देतों." येथें खुशामत नाहीं, उर्मटपणा नाहीं, आणि सत्यांतील एक कणही कमी झालेला नाहीं. शिवाय बोलणारानें स्वतः कामाचा भार उचलला आहे. जो दोष दाखवितांना आपला खांदाही पुढें करतो त्याचें बोलणें वरिष्ठास टोंचत नाहीं.

पांचवें, बोलून झाल्यावर बाहेर त्याची बढाई मारूं नये. "आज साहेबांना चांगलें सुनावलें" असें म्हणणाऱ्यानें साहेबांसाठीं नव्हे, पारासाठीं बोलणें केलें होतें.

इतकें करूनही वरिष्ठानें ऐकिलें नाहीं तर? येथें दोन प्रकार वेगळे केले पाहिजेत. पुष्कळ गोष्टी मताच्या असतात. उपासनेची वेळ, शाळेचें वेळापत्रक, कामाची वांटणी ह्यांत वरिष्ठाचें मत आपल्याहून निराळें ठरलें तर तें मान्य करून मनापासून काम करावें. कदाचित् चुकत असलेले आपणच असूं. परंतु कांहीं गोष्टी मताच्या नसून न्यायाच्या असतात. मंडळीच्या पैशाची अफरातफर, विधवेच्या वांट्याचें हरण, मजुराच्या उचलीचा खोटा हिशेब, लेकराबाळांशीं किंवा स्त्रीशीं दुर्वर्तन, ह्यांत "साहेबांचें मन दुखावेल" हा विचार पापास झांकण घालणारा आहे. अशा ठिकाणीं एकांतांतील सूचनेची वाट पाहत बसूं नये. पंचांकडे, सभेकडे, आणि गुन्हा असेल तर सरकारी अधिकाऱ्यांकडे विलंब न करतां गेलें पाहिजे. अंत्युखियांत पेत्र इतर राष्ट्रांतील बंधूंच्या पंक्तींतून उठला, आणि त्याचें पाहून बर्णबाही ढळला. तेव्हां पौलानें सर्वांसमक्ष त्याला दोष दिला (गलतीकरांस पत्र, अध्याय २). पेत्र तर मंडळीचा खांब मानलेला. परंतु चूक उघड होती, तिनें दुबळ्यांचा अपमान होत होता, म्हणून उत्तरही उघड द्यावें लागलें. पंक्तिभेदाचें दुःख ज्या घराण्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या सोसलें त्यांस हा अध्याय निराळा समजावून सांगण्याची गरज नाहीं.

आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासांतही असा एक पुरुष आहे. रामशास्त्री प्रभुणे हे पेशव्यांचे न्यायाधीश. थोरले माधवराव पेशवे जपतपांत फार वेळ घालवूं लागले आणि राज्यकारभार खोळंबूं लागला, तेव्हां शास्त्रीबोवांनीं नोकरी सोडून काशीस जाण्याची तयारी दाखविली, आणि आपणांस जपच करावयाचा असेल तर गादी सोडून गंगातीरीं चलावें, नाहीं तर प्रजेचें पालन हाच आपला धर्म समजावा, अशा अर्थाचें बोलणें केलें. माधवरावांनीं तें ऐकून आपला क्रम बदलला. इतिहासकार ग्रँट डफ ह्यांनीं ही गोष्ट नमूद केली आहे. पुढें सन १७७३ मध्यें नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्या वेळीं ह्याच रामशास्त्र्यांनीं रघुनाथरावांस ह्या पापास देहांतावांचून प्रायश्चित्त नाहीं असें तोंडावर सांगितलें आणि पुणें सोडलें. एकच मनुष्य, एकच सत्यनिष्ठा. परंतु जेथें धनी ऐकणारा होता तेथें सूचना, आणि जेथें हात रक्तानें माखले होते तेथें निर्वाणीचा निकाल. प्रसंग ओळखणें हेंच शहाणपण.

ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासांतील एक प्रसंगही आठवण्याजोगा आहे. १९१० सालीं एडिंबरो येथें जगांतील मिशनांची मोठी परिषद भरली. बाराशेंच्या सुमारास प्रतिनिधी जमले होते. त्यांत आशियांतील अगदीं थोडे. दक्षिण हिंदुस्थानांतील वेदनायगम् सॅम्युएल अजरया हे तेव्हां पस्तीस वर्षांचे होते. परदेशी व एतद्देशीय सेवकांतील सहकार्य ह्या विषयावर त्यांनीं भाषण केलें. मिशनऱ्यांच्या त्यागाबद्दल त्यांनीं मनापासून आभार मानिले. परंतु एका गोष्टीची उणीव आहे, आणि ती म्हणजे मैत्रीची, हें त्यांनीं त्यांच्याच तोंडावर सांगितलें. पुष्कळ श्रोत्यांस तें रुचलें नाहीं. तरी त्यानंतर दोनच वर्षांनीं, १९१२ सालीं, ते दोर्णकलचे बिशप झाले. अँग्लिकन मंडळींत त्या पदावर चढलेले ते पहिले भारतीय होत. त्यांनीं आभार मानिले ते खरे होते, आणि उणीव दाखविली तीही खरी होती. एकासाठीं त्यांनीं दुसऱ्याचा बळी दिला नाहीं.

शेवटीं एक गोष्ट विसरूं नये. हा लेख वाचतांना प्रत्येकाच्या डोळ्यांपुढें आपापला वरिष्ठ उभा राहिला असेल. परंतु आपणही कोणाचे तरी वरिष्ठ आहोंच. घरांत बाप आहे, सासू आहे, मोठा भाऊ आहे. मंडळींत पंच आहेत, शाळेंत गुरुजी आहेत. रहबामानें वडील मंत्र्यांचा सल्ला टाकून आपल्या मनासारखें बोलणाऱ्या तरुणांचें ऐकिलें, आणि दहा वंश गमाविले (१ राजे, अध्याय १२). अहाबाजवळ होकार देणारे चारशें संदेष्टे होते आणि खरें सांगणारा मीखाया एक. राजानें त्या एकासच तुरुंगांत घातलें, आणि स्वतः रणांत मेला (१ राजे, अध्याय २२). ज्या घरांत सून, ज्या शाळेंत शिपाई, ज्या मंडळींत गरीब म्हातारी आपलें मन न भितां बोलूं शकत नाहीं, तेथील वडीलधाऱ्यानें सर्व ठीक चाललें आहे असें समजूं नये. तेथें फक्त शांतता आहे. कनिष्ठानें बोलण्यांत जेवढें धैर्य लागतें तेवढेंच वरिष्ठानें ऐकण्यांत लागतें.

म्हणून, प्रिय बंधुभगिनींनो, ह्या आठवड्यांत दोन कामें करा. ज्या मनुष्याविषयीं तुम्ही पारावर बोलतां, त्याच्याविषयीं आधीं प्रार्थना करा आणि मग त्याच्याशींच बोला. एकटे जा, आदरानें जा, पण सत्य घेऊन जा. आणि जो कोणी भीत भीत तुमच्या दाराशीं तुमची चूक सांगावयास येईल, त्याला बसावयास जागा द्या, आणि त्याचें बोलणें पुरें होईपर्यंत मध्येंच तोंड उघडूं नका. प्रीतीनें सत्य बोलणारीं व नम्रतेनें सत्य ऐकणारीं माणसें प्रभु आपल्या गांवोगांवच्या मंडळ्यांत वाढवो.